'चिल्ड्रेन ऑफ ब्लड अँड बोन' कुणी वाचली आहे का? भरभरून बोलायचंय

गोदाकाठ

किशोरवयीन मुलांसाठीची पुस्तकं मोठ्यांनी का वाचावीत, असं कुणी विचारलं तर मी यापुढे ही कादंबरी त्याच्या हातात ठेवणार आहे. टोमी अडेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ही पहिलीच कादंबरी, २०१८ साली आलेली. माझ्या भाचीने आधी वाचली आणि "मावशी, तू वाच, मग आपण भांडू" असं सांगून माझ्याकडे दिली. पाचशेहून जास्त पानं आहेत, पण प्रकरणं छोटी आणि भाषा धावती. कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसूनसुद्धा वाचली, इतकी मी त्यात अडकले.

गोष्ट थोडक्यात सांगते. शेवट फोडत नाही. ज्यांना पुढच्या भागाबद्दल लिहायचंय त्यांनी वर 'रहस्यभेद' लिहा, प्लीज.

ओरिशा नावाचं राज्य. तिथे जादू येणाऱ्या लोकांची दहा कुळं होती. कुणाच्या हातात आग, कुणाच्या पाणी, कुणी दुखणी बरी करणारे, कुणी मेलेल्यांच्या आत्म्यांना हाक मारणारे. अकरा वर्षांपूर्वी एकाएकी जादू नाहीशी झाली आणि ते निःशस्त्र झालेत हे बघून सारान राजाने सगळ्या जादूगारांची कत्तल केली. मागे उरली त्यांची मुलं. या कुळांतल्या मुलांचे केस जन्मापासून पांढरे असतात, जादू मात्र तेराव्या वर्षी जागी होते. कत्तल झाली तेव्हा या मुलांकडे कसलीच शक्ती नव्हती, आणि पुढे ती आलीच नाही. राहिले नुसते पांढरे केस. जन्मापासून ओळखू येतात आणि जन्मापासून गुन्हेगार. त्या केसांवरून शिपाई त्यांना बाजारात, रस्त्यात, वेशीवर हेरतात, 'अळी' म्हणून हिणवतात. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यावर कर लागतो आणि तो वाटेल तेव्हा वाढतो. भरता आला नाही की त्या मुलाला वेठबिगारीला नेतात, आणि तिथून सहसा कुणी परत येत नाही.

नायिका झेली सतरा वर्षांची, मेलेल्यांच्या आत्म्यांना हाक मारणाऱ्या कुळातली. आईला डोळ्यांदेखत मारलेलं तिने पाहिलंय. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मामा आग्बा नावाची म्हातारी आपल्या झोपडीत मुलींना काठी चालवायला शिकवत असते. शिपाई येताहेत अशी चाहूल लागते आणि क्षणात काठ्या गडप होतात, सगळ्या पोरी सुईदोरा घेऊन शिवायला बसतात. शिपाई कर मागायला आलेले असतात. त्या दोन-चार पानांत अख्खं राज्य कळतं. भीती किती सवयीची झालीय, म्हातारी बाई काय काय पोटात घालते, आणि झेलीला गप्प बसणं किती जड जातं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की लेखिकेने जुलूम फक्त कत्तलीत दाखवला नाही. तो करात आहे, बापाच्या वाकलेल्या पाठीत आहे, मासा विकायला राजधानीत गेलेल्या पोरीने केस फडक्याखाली लपवण्यात आहे. आणि हे सगळं असूनही पुस्तक रडकं नाही. शिंगं असलेल्या सिंहासारख्या जनावरावर बसून पोरं पळतात! समुद्र आहे, वाळवंट आहे, पडकं मंदिर आहे, जादू परत आणण्यासाठी गुंडाळी, मणी आणि हाडाचा खंजीर अशा तीन वस्तू शोधायच्या आहेत. मी अक्षरशः अधाशासारखी वाचली. अन्यायाबद्दलचं पुस्तक वाचताना एवढा आनंद व्हावा का, असं मनात येऊन गेलं. आता वाटतं, व्हावाच. त्या मुलांनाही धावण्याचा आणि जिंकण्याचा आनंद लेखिकेने दिलाय, तो आपण का नाकारायचा?

वाचताना मनात सारखा आपला नाशिकचा काळाराम सत्याग्रह, दलितांच्या मंदिरप्रवेशाचा तो लढा, येत होता. तुलना बरोबर आहे की ओढूनताणून, ते तुम्ही सांगा.

---

सिंहावर_स्वार

मावशी, आले मी भांडायला.

तू झेलीबद्दल एवढं लिहिलंस आणि अमारीचं नावसुद्धा घेतलं नाहीस! माझ्यासाठी हे पुस्तक अमारीचं आहे. ती राजाची मुलगी. तिची एकुलती एक मैत्रीण बिंता ही पांढऱ्या केसांची दासी. त्या जुन्या गुंडाळीला हात लागताच बिंताच्या हातातून प्रकाश फुटतो आणि राजा तिला तिथल्या तिथे मारतो. अमारी हे लपून बघते. घाबरट म्हणून तिला सगळे ओळखतात. तीच मुलगी ती गुंडाळी चोरून महालाबाहेर पळते, एकटी, बाजारातून, आणि जी पहिली मुलगी दिसते तिचा हात धरते. ती झेली.

झेलीला लढावंच लागणार होतं, तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. अमारीला होता. गप्प बसून राजकन्या म्हणून जगता आलं असतं. म्हणून तिचं धाडस मला मोठं वाटतं.

आणि पूर्ण पुस्तक तीन जण आलटून पालटून सांगतात, झेली, अमारी आणि राजपुत्र इनान, हे तू लिहिलंच नाहीस. तीच तर गंमत आहे. शिकार आणि शिकारी दोघांच्या डोक्यात आपण बसतो.

---

सातपूरचा_वाचक

ताई, छान लिहिलंय. पुस्तक मी वाचलंय, आवडलंही. तरी एक अडचण मांडतो, राग मानू नका.

या प्रकारच्या कथांत ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्याकडे खरोखरच भयंकर शक्ती असते. ते आग लावू शकतात, मन वाचू शकतात, प्रेतं उठवू शकतात. मग राज्यकर्त्याच्या भीतीला एक आधार मिळतो. प्रत्यक्षात असं कुठे असतं? ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांच्या हातात कुठली आग होती? अन्याय करणाऱ्यांनी 'हे धोकादायक आहेत' ही कथा रचली, आणि अशा कादंबऱ्या नकळत ती कथा खरी करून दाखवतात. इथे तर राजाला कारणही दिलंय. त्याचं पहिलं कुटुंब जादूगारांनी जाळून मारलेलं असतं.

म्हणून काळारामाशी तुलना मला पटत नाही. तिथे माणसं दार उघडा म्हणत होती, एवढंच.

---

पंचवटीकर

सातपूरकर दादा, तुमचा मुद्दा वजनदार आहे. मी मंदिराच्या परिसरातच लहानाचा मोठा झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं रांगेने मंदिराकडे निघाली, बायाही होत्या. मंदिराचे दरवाजे बंद, बाहेर पोलीस. सत्याग्रही दरवाज्यांपुढे बसले. पुढे रामनवमीच्या रथाला हात लावण्यावरून ९ एप्रिलला दगडफेक झाली, लोक जखमी झाले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा वर्षानुवर्षं चालू ठेवला. १९३५ पर्यंत दार उघडलं नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

तुम्ही म्हणता ते खरंच, की त्यांच्या हातात आग नव्हती. पण दाराआडच्या लोकांच्या मनातली भीती खरी होती ना? ती सत्याग्रहींच्या शक्तीची नव्हती. उद्या हे आपल्या शेजारी उभे राहतील, बरोबरीने रथ ओढतील, याची होती. कादंबरीत मला ती भीती दिसली. सारानला आगीची भीती वाटते हे तो स्वतःला सांगतो. पण जी पोरं काठीसुद्धा उघडपणे धरू शकत नाहीत त्यांच्यावर कर वाढवायला आगीची भीती कशाला लागते? तिथे त्याला फक्त ती खाली राहायला हवी आहेत.

त्यामुळे तुलना जशीच्या तशी नाही, पण ओढूनताणून आणलेलीही नाही. एवढंच माझं मत.

---

गोदाकाठ

पंचवटीकर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं म्हटलंत.

सातपूरकर, मला वाटतं लेखिकेला तुमची शंका आधीच ठाऊक होती, म्हणून तिने ती अकरा वर्षं मध्ये घातली. तिला हवं असतं तर जादूगार विरुद्ध राजा अशी सरळ लढाई दाखवता आली असती. तसं न करता ती आपल्याला अशा पिढीत नेते जिच्याकडे जादूच नाही. अर्ध्याहून जास्त राज्याच्या दृष्टीने झेली म्हणजे पांढरे केस, बाकी काही नाही. शक्ती जाऊन अकरा वर्षं झाली आणि शिक्षा तशीच चालू आहे. ही शिक्षा शक्तीची नव्हतीच, हे दाखवायला याहून चांगली रचना मला सुचत नाही.

राजाच्या कारणाबद्दल म्हणाल, तर मला ते असलेलं आवडलं. निव्वळ दुष्ट राजा मुलांना काही शिकवत नाही. ज्याला स्वतःला दुःख झालंय तो माणूस ते दुःख हातात धरून एका अख्ख्या पिढीला कसा चिरडतो, हे बघणं जास्त अवघड आणि जास्त खरं आहे. कारण दिलं म्हणजे माफ केलं असं लेखिका कुठेही म्हणत नाही.

आणि भाचीबाई, अमारीवर मी मुद्दाम लिहिलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलं होतं.

---

मुक्कामपोस्ट

मी इथे कमी लिहितो. आज राहवलं नाही.

ताईंनी लिहिलेलं 'जन्मापासून ओळखू येतात आणि जन्मापासून गुन्हेगार' हे वाचून थांबलो. आमचा समाज विमुक्त. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९११ आणि १९२४ मध्ये आणखी वाढवला. काही जमातींत जन्मलं म्हणजेच गुन्हेगार. पोलिसपाटलाकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आमच्याकडे तो दिवस अजून पाळतात. कायदा गेला तरी गावात चोरी झाली की पहिली चौकशी कुणाच्या पालावर होते, हे नाशिक जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा.

सातपूरकर दादा म्हणतात तशी भीती आमच्याबद्दलही रचलेली होती. 'यांच्या रक्तातच आहे' असं लिहून ठेवलेलं. म्हणून मला कादंबरीतला तो कर आणि वेशीवरची झडती वाचायची आहे. जादू असो नसो. पुस्तक मागवलंय. वाचून झालं की परत येतो.

---

सातपूरचा_वाचक

मुक्कामपोस्ट, तुमच्या प्रतिसादानंतर माझं म्हणणं थोडं बदललंय. 'रक्तातच आहे' हे वाक्य मी विसरलो होतो. कथेतली जादूही रक्तातूनच येते, आणि लेखिका त्याच गोष्टीला शाप न मानता वारसा मानते. ही दिशा उलटी करणं मोठं काम आहे. शंका पूर्ण गेली नाही, पण ती घेऊन मी दुसऱ्यांदा वाचेन.

---

खडूफळा

मी कळवणच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सगळे प्रतिसाद वाचले.

माझ्या वर्गातल्या पोरांना इंग्रजीतून पाचशे पानं वाचणं शक्य नाही. पण गोष्ट सांगायला काय हरकत आहे? दुपारच्या शेवटच्या तासाला रोज थोडी थोडी. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. कोकणा, भिल्ल घरांतली माणसं व्रत धरतात, पावरी वाजते, गाणी होतात, डोंगरावर जातात. पोरांनी अंगात येणं पाहिलेलं असतं, भगत पाहिलेला असतो. मृतांशी बोलणारी झेली त्यांना परकी वाटणार नाही, उलट शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळेल. आणि आपले देव, आपली गाणी ही मागासलेली नाहीत, त्यांच्यावर जगभर वाचली जाणारी कादंबरी होऊ शकते, हे त्यांना कळावं अशी फार इच्छा आहे.

प्रश्न एवढाच, की आठवीच्या वर्गात सांगण्यासारखी आहे ना? हिंसा किती आहे?

---

पानाआड

सर, तुमच्या मुद्द्याला जोड म्हणून एक माहिती. यातले देव लेखिकेने मनाने रचलेले नाहीत. ओया, येमोजा, ओगुन, शांगो हे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे ओरिशा, म्हणजे देवता. गुलाम म्हणून जहाजांतून नेलेल्या माणसांनी ते सोबत नेले. ब्राझीलमध्ये कांदोंब्ले, क्युबात सांतेरिया या रूपांत ते आजही पुजले जातात. मळ्यांचे मालक आणि चर्च यांच्या धाकात लोकांनी संतांच्या तसबिरींआड आपले देव जपले.

लेखिकेचे आईवडील नायजेरियाचे, पण या देवतांची खरी ओळख तिला ब्राझीलमध्ये झाली. शिष्यवृत्तीवर साल्व्हादोर शहरात अभ्यासाला गेली असताना. ज्या देशातून तिचं घराणं आलं तिथले देव तिला समुद्रापलीकडे भेटले. कादंबरीतल्या पडक्या मंदिराचं नाव चांदोंब्ले आहे, ते उगीच नाही. आणि मंत्र सगळे योरुबा भाषेत आहेत.

शेवटी लेखिकेचं मनोगत आहे, ते कुणीही चुकवू नका. अमेरिकेत पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसांच्या, मुलांच्या बातम्या बघून आलेली भीती आणि राग यांतून हे पुस्तक झालं, असं ती सरळ लिहिते. मला त्या पानांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून बघायला लावली. शिपाई रस्त्यात मुलीला अडवतो तो प्रसंग तिने कुठून आणला हे मग कळतं.

---

गोदाकाठ

खडूफळा सर, तुमचा विचार वाचून मला फार आनंद झाला. जरूर सांगा. हिंसा आहे, आणि ती गुळगुळीत केलेली नाही. (इथून पुढे थोडा रहस्यभेद.) उत्तरार्धात तुरुंगात झेलीच्या छळाचा एक प्रसंग आहे, तो माझ्यानेही सलग वाचवला नाही. आठवीच्या वर्गात तो तपशिलाने सांगू नका, 'तिला फार दुखावलं' एवढं पुरे. इबेजी गावचा प्रसंग मात्र नक्की सांगा. तिथे रिंगणात पाणी भरून जहाजांची लढाई लावतात, लोक पैसे लावून बघतात, आणि जहाजांवर मरायला वेठबिगारीतली माणसं. झेली तिथे पोचते तेव्हा तिला त्या मेलेल्यांची हाक ऐकू येते. नंतर तेच तिच्या मंत्राने मातीतून उठून तिच्यासाठी लढतात. ज्यांना कुणी मोजलं नाही ते लढाईचा निकाल फिरवतात. हा प्रसंग तुमच्या पोरांना कळेल, मला खात्री आहे.

तोंडी सांगताना तीन निवेदकांचा फायदा घ्या. एक दिवस झेलीचा, एक अमारीचा, एक इनानचा. मुलांनाच ते तिघे होऊ द्या.

---

सिंहावर_स्वार

रहस्यभेद

इनानचा दिवस आला की सर, तुमचा वर्ग दोन तट पाडून भांडेल. आमच्या मैत्रिणींचं तेच झालं.

तो पांढऱ्या केसांच्या लोकांचा पाठलाग करायला निघालेला सेनानी, आणि वाटेत त्याच्याच केसांत एक पांढरी बट उगवते. जादू त्याच्यातही आहे. तो ती बट लपवतो, शिरस्त्राण काढत नाही. मन वाचता येतं म्हणून झेलीचं दुःख त्याला आतून कळतं. तिच्या आईचं मरणसुद्धा. आणि तरीही शेवटी तो वडिलांच्या बाजूला जातो. माझ्या मैत्रिणी म्हणतात बिचारा, लहानपणापासून वडिलांनी तसंच घडवलं, काय करणार. मी म्हणते अमारीलाही त्याच वडिलांनी वाढवलं. दोघा भावंडांना तलवारी देऊन एकमेकांशी लढायला लावलं, तिच्या पाठीवर वण आहे तो इनानच्या तलवारीचा. ती बाहेर पडली ना? त्याला तर सगळं कळत होतं. कळूनही न वळणाऱ्या माणसावर मी जास्त रागावते.

आणि झेली-इनानमधलं प्रेम मला अजिबात पटलं नाही, ते घाईत झालंय. पुस्तकाची ती एकच जागा कच्ची आहे.

---

पंचवटीकर

रहस्यभेद

प्रेमाबाबत सहमत. इनानबाबत थोडा वेगळा विचार. त्याला वाटतं की राज्य टिकवणं हे आधी, माणसं नंतर. 'राजा होण्याआधी स्वतःला विसर' हे त्याच्या मनात बिंबवलंय. आपल्या आजूबाजूला असे भले लोक पुष्कळ असतात. खाजगीत म्हणतात, तुमचं बरोबर आहे, पण आत्ता वेळ नाही, व्यवस्था बिघडेल. १९३० सालीही असं म्हणणारे सुशिक्षित नाशिककर होतेच. म्हणून मला इनान हे पुस्तकातलं सर्वांत उपयोगी पात्र वाटतं. त्याच्यावर रागवताना वाचक स्वतःकडेही बघतो.

---

सिंहावर_स्वार

काका, हे मी माझ्या मैत्रिणींना वाचून दाखवणार आहे. राग तरी कमी करणार नाही!

---

पानाआड

पुढच्या भागांबद्दल कुणी विचारेल म्हणून लिहून ठेवतो. तीन भाग आहेत. दुसरा 'चिल्ड्रेन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स' डिसेंबर २०१९ ला आला, तिसरा 'चिल्ड्रेन ऑफ अँग्विश अँड अ‍ॅनार्की' जून २०२४ ला. दुसऱ्यात जादू परत येते, पण सरदार-उमरावांच्या घरांतही येते, आणि मग यादवी. कल्पना जबरदस्त आहे. ज्यांनी शक्तीला गुन्हा ठरवलं त्यांच्याच हातात ती आल्यावर ती गुन्हा राहत नाही. पण पात्रं सारखी तीच तीच भांडणं करतात, मला पहिल्या भागाची सर त्याला वाटली नाही. वेळ कमी असेल तर पहिला वाचा आणि मग ठरवा.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. सोमवारपासून सुरू करतोय, मामा आग्बाच्या झोपडीपासून. एका पोरीला काठी चांगली फिरवता येते, तिला आधीच सांगून ठेवलंय की मदत लागेल.

---

गोदाकाठ

सर, वर्गात काय झालं ते इथेच लिहा. मुक्कामपोस्ट, तुमचं वाचून झालं की तुम्हीही. इनानवर तुमचं मत मला ऐकायचंच आहे.